चाफ्यावरचा तांबेरा

कळंबा, कोल्हापूर
१९ ऑगस्ट २०२४

क्रांती,

वर चिरंजीव लिहू का नुसतं नाव लिहू, यात दोन कागद फाडले. शेवटी नुसतं नाव ठेवलं. शाळेतल्यासारखं शुद्ध लिहायला बसलेते, तेबी जमंना. जसं बोलते तसंच लिहिते, चालवून घे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला सहा वर्षं झाली. केलास ते केलास. पण पोस्टमनला ब्लॉक करता येत न्हाय, म्हणून हा कागद. भांडायला लिहिलेला न्हाय. माफी मागायलाबी न्हाय. आधीच सांगते, म्हणजे फाडायच्या आधी पुढच्या दोन ओळी तरी वाचशील. मला कामाचं विचारायचंय. तू तिकडं कर्नालात गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करतीस, आन इकडं माझ्या दारातल्या चाफ्याला तांबेरा पडलाय. पत्ता राजवर्धननं पुण्यातनं कळवला. "मावशीला माझं नाव सांगू नकोस" म्हणालाय, तवा तू त्याला काय बोलू नको. माझं पोरगं भित्रं हाय, तुला म्हाईत हाय.

सोयाबीनवरचा, उसावरचा तांबेरा मी गारगोटीच्या शेतात बावीस वर्षं बघितलाय. चाफ्यावर मात्र पहिल्यांदाच बघतेय. पानावर वरनं बारीक पिवळे ठिपके. पान उलटं केलं की खाली केशरी पूड. बोट फिरवलं की भंडारा लागल्यागत हात पिवळा. मग पान तपकिरी पडतं, वळतं, आन गळतं. श्रावण अजून सरला न्हाय, तंवर निम्मं झाड मोकळं झालंय.

शेजारची धोंडुबाई रोज सकाळी माझ्याच झाडाची फुलं देवाला नेती. तीच गेल्या आठवड्यात म्हणाली, "आक्का, दारातलं रोगट झाड हाय, काढून टाका की. माझ्या कढीपत्त्याला लागंल." मी म्हटलं, "फुलं नेताना रोग दिसत न्हवता व्हय?" दोन दिवस आली न्हाय. तिसऱ्या दिवशी आली.

इथं रस्त्याला मीरासाबची नर्सरी हाय. त्यानं गंधकाचं औषध दिलं, तीनदा फवारलं. पाऊस येतो आन धुऊन नेतो. मीरासाब म्हणतो, "ह्याचा नाद सोडा आक्का, दुसरा चाफा देतो, लाल देतो, पिवळा देतो." मला दुसरा नको. हेच झाड जगायला पाहिजे. का ते विचारू नको. झाड त्याच्याच नर्सरीतलं हाय, सहा वर्षांपूर्वी आणलेलं.

एक पान पाकिटात घातलंय. त्यानं तुमच्या गव्हाला काय होणार न्हाय न्हवं?

आक्का


१४ सप्टेंबर २०२४

क्रांती,

तुझं कार्ड आलं. वर नाव न्हाय, खाली सही न्हाय. पत्त्यात "श्रीमती संयोगिता विजयसिंह देसाई", लाइटबिलावर असतं तसं. पोस्टमनसमोर उभ्यानं वाचलं. तो म्हणाला, "कुणाचं ओ?" मी म्हटलं, "सरकारी हाय."

अक्षर बदललं न्हाय तुझं. 'ळ' अजून तसाच पोट सुटल्यागत काढतीस.

तू लिहिलंस, "चाफ्याचा तांबेरा गव्हाला लागत नाही. तरी रोगट पान पोस्टाने पाठवू नये. औषध नंतर बघू. खाली पडलेल्या पानांचं तुम्ही काय करता? झाडाची मूळ फांदी कुठली?"

तुम्ही! मला! तुझा शेंबूड मी पुसलाय माझ्या परकराला. असू दे.

पडलेली पानं रोज गोळा करते आन घंटागाडीत टाकते. फांदी मीरासाबच्या नर्सरीतली, मागं लिहिलंयच. फूल पांढरं, कडेला गुलाबी रेघ, आत हळदी. असलं नर्सरीत मिळतं आता.

जयसिंगपूरच्या आपल्या घरचा चाफा ऱ्हायला न्हाय, ते तुला कुणी सांगितलं नसंल. घर घेतलेल्या माणसानं तिथं गाडी लावायला जागा केली. मी नंतर एकदा गेलते. एसटीतनं उतरून चालत गेले, लांबनंच बघितलं आन परत फिरले. दारात फरशी हाय आता.

तुला आठवतंय, आई म्हणायची, चाफ्याची फांदी लेकीला हातातनं हातात द्यायची, आन एका लेकीला एकदाच. माझी मला लग्नात दिली. गारगोटीला लावली, दोन वर्षांत कमरेएवढी झाली, तर सासूनं उपटून बांधावर टाकली. दारात चाफा नको म्हणे. मी आईकडं दुसरी मागितली. न्हाय म्हणाली. एकदाच म्हंजे एकदाच. मी रडले, तरी दिली न्हाय. तुझी मात्र शिल्लक होती. तू कर्नालात कोर्टात लग्न केलंस, फांदी घ्यायला आलीच न्हाईस. "क्रांतीचं घर झालं की देईन," असं म्हणत बसायची.

हे सगळं कशाला लिहिलं काय म्हाईत. तू औषध सांग.

आक्का


९ ऑक्टोबर २०२४

क्रांती,

दुसरं कार्ड मिळालं. एवढंसं. "पानं रोज घंटागाडीत जात असती तर रोग इतका टिकला नसता. खरं सांगा."

पहिल्यांदा राग आला. कार्ड फ्रिजवर ठेवलं, वर वजन म्हणून हिंगाची डबी ठेवली आन चार दिवस तिकडं बघितलंच न्हाय. मी साठीला आलेली बाई. मला खरं सांगा म्हणती! पाचव्या दिवशी हिंग लागला आन कार्ड परत हातात आलं.

खरं सांगते. पानं मी घंटागाडीत टाकत न्हाय. झाडाच्या बुडातच टाकते.

तुला म्हाईत न्हाय, तू शिकायला भाईर होतीस. आमच्या गारगोटीच्या रानात ऊस तुटला की वाळक्या पानांची सगळी पाचट पेटवून द्यायची. तुझे दाजी कारखान्याच्या शेतकी खात्यात. ते घरोघर सांगत फिरायचे, पाचट जाळू नका, सरीत दाबा, जमीन सुधारती. लोकं हसायची. मग मी आमच्या चार एकरांत करून दाखवलं. उन्हाळ्यात पाणी कमी लागलं, गांडुळं आली, तुटल्या बुडख्याला फुटलेला खोडवा लोकांच्या नव्या लागणीपेक्षा बरा आला. कारखान्यानं मला स्टेजवर बोलावून स्टीलचा डबा दिला, त्यावर नाव कोरलेलं. त्यात मी अजून तांदूळ ठेवते. तवापासनं पडलेलं पान फेकायचं म्हटलं की माझा हात धजत न्हाय. झाडाचं झाडाला, असं म्हणून सहा वर्षं ह्या चाफ्याची सगळी पानं मी त्याच्याच बुडात अंथरली. पाणी मारून थापली. धोंडुबाईला वर ऐटीत सांगायची, बघ, खत विकत आणावं लागत न्हाय.

तुझं कार्ड घेऊन मीरासाबकडं गेले. त्यानं वाचलं आन कपाळाला हात लावला. "आक्का, रोगट पानं बुडात ठिवली? मग म्या तीनदा औषध कुणाला दिलं ओ? वरनं धुयाचं आन खालनं परत चढवायचं!" मी म्हटलं, "तू विचारलं न्हाईस." तो म्हणाला, "तुम्हाला कोण इचारणार?" ते खरं हाय. मला कुणी काय विचारत न्हाय. मी समद्यांना सांगत असते.

तर चूक माझी. उसाचा शहाणपणा चाफ्यावर चालवला. उद्यापासनं सगळं काढते. जाळू का पुरू, ते कळव. जाळायचं माझ्या हातनं होईल असं वाटत न्हाय, पण तू सांगशील तसं.

आक्का


११ नोव्हेंबर २०२४

क्रांती,

तू कळवलंस तसं केलं. परसात कोपऱ्यात दोन फूट खड्डा काढून सगळी पानं पुरली, वर माती दाबली. झाडावरची रोगट पानंबी खुडली. चार दिवस लागले. कंबर गेली. फवारणी आता कोरड्या हवेत केली, तू लिहिलंस त्या मापानं, पानाच्या खालनं. मीरासाब स्वतः उभा ऱ्हायलता, माझ्यावर त्याचा भरवसा न्हाय.

आता दुसरं लिहिते. बसून वाच.

बुडातला थर काढत खाली गेले. वरची पानं सुटी, खालची काळी, त्याखाली मातीच. खुरपं कशाला तरी अडकलं. ओढलं तर हिरवं निघालं. नायलॉनच्या पातळाचा काठ, बोटभर रुंद, खोडाला गाठ मारलेला. सगळं कुजलं, तेवढं कुजलं न्हवतं. कापून नळाखाली धरलं तर जसाच्या तसा रंग. तुला ते पातळ आठवंल. दिवाळीत तूच तुझ्या पहिल्या पगारात घेतलंतंस, आन आई म्हणालती की असलं चकचकीत मी कुठं नेसू. आन रोज नेसायची.

झाड मीरासाबच्या नर्सरीतलं न्हाय, क्रांती. तुझं हाय.

आई गेली त्या वर्षी मे महिन्यात तिनं फांदी काढून पडवीत उभी करून ठेवलती, तू घर घेतलंस असं कळलं तवा. पुढं जुलैत आई आजारी पडली. तीन आठवडे अंथरुणात होती. तू दर रविवारी फोन करायचीस आन मी म्हणायची, झोपलीय, बरी हाय, जरा अशक्तपणा हाय. एवढं तुला म्हाईत हाय. त्यावरनंच तू माझ्याशी तोडलंस. तू रक्षाविसर्जनाला पोचलीस, सगळ्या पावण्यांसमोर मला म्हणालीस, "आक्का, तू माझी आई चोरलीस." मी तुला म्हटलं, तुझी नवीन नोकरी, रजा मिळाली नसती, म्हणून सांगितलं न्हाय. अजूनपर्यंत सगळ्यांना तेच सांगते.

ते खोटं हाय. रजेचा मी विचारच केला न्हवता.

आई दिवसात दहादा विचारायची, "क्रांती कवा येणार?" मी म्हणायची, निघालीय. तिची अंथरुणं मी बदलत होते, तिला भरवत मी होते, तिचे केस मी विंचरत होते. आन डोळे उघडले की क्रांती. एकदासुद्धा तिनं माझ्याकडं बघून "संयोगिता, बस जरा" म्हटलं न्हाय. माझा जळफळाट व्हायचा. वाटायचं, तू आलीस की ती उठून बसंल आन मी परत चहा करायला आत जाईन. म्हणून सांगितलं न्हाय. एवढंच कारण. सहा वर्षं हे मी स्वतःलाबी नीट सांगितलेलं न्हाय.

जायच्या आदल्या दुपारी तिनं फांदी आणायला लावली. पातळाचा काठ फाडून दे म्हणाली, मी फाडला. तिनं स्वतः बुडाला बांधला, मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाली. मग फांदी माझ्या हातात दिली. "ही क्रांतीची. तू स्वतः दे. पोस्टानं न्हाय, कुणाकडनं न्हाय. तुझ्या हातनं तिच्या हातात." मी व्हय म्हटलं.

रक्षाविसर्जनानंतर तू मला विचारलंस, "आई शेवटी काय बोलली?" मी म्हटलं, "काय न्हाय, झोपेतच गेली." तवा फांदी दाराच्या मागं उभी होती. तू तिच्या शेजारनं बॅग घेऊन गेलीस.

मी ती कळंब्याला आणली आन माझ्या दारात लावली. बुडाचा काठ सोडला न्हाय, तसाच मातीत घातला. वाटलं, माझी सासूनं उपटली, ही माझीच समजू. लोकांना नर्सरीचं नाव सांगितलं. पहिलं फूल आलं तवा गुलाबी रेघ बघून मी आत जाऊन रडले. त्या दिवसापासनं ह्या झाडाखाली मला कवाच सावलीत बसल्यागत वाटलं न्हाय.

जयसिंगपूरचं गेलं. आता आईचा चाफा एवढाच हाय जगात. तांबेरा पडला तवा वाटलं, हे मेलं तर तुला द्यायला काय उरणार? म्हणून तुला पत्र लिहिलं. औषधासाठी लिहिलं ते खरं, पण निम्मंच खरं.

माफी मागायला लिहिलं न्हाय म्हणालते. आता मागते. माझं चुकलं, क्रांती. लई चुकलं.

आक्का


२६ जानेवारी २०२५

क्रांती,

अडीच महिने झाले, तुझं कार्ड न्हाय. पोस्टमन आता लांबनंच मान हलवतो. मी काय आशा धरून लिहीत न्हाय, झाडाचं कळवायला लिहिते. तुझं झाड हाय, तुला कळलं पाहिजे.

पानं सगळी गळली. थंडीत चाफा मोकळा होतोच, पण प्रत्येक पान पडलं की मी उचलून बघते. शेवटच्या पंधरा-वीस पानांवर पूड न्हवती. एकही ठिपका न्हाय. सगळी पुरलीच तरी, तू सांगितलंस तसं. फांद्या दाबून बघितल्या, घट्ट हायत. मीरासाबनं शेंड्याला नख लावलं, टचकन चीक आला. म्हणाला, "जगलं बगा तुमचं."

मी म्हटलं, माझं न्हाय, माझ्या भैणीचं. त्याला सगळं सांगितलं. धोंडुबाईलाबी सांगितलं. तिनं हातातली परडी खाली ठेवली आन म्हणाली, "आक्का, मग आमी सहा वर्षं कुणाची फुलं देवाला घातली म्हणायची?"

तू लिहिलं न्हाईस तरी मी झाड सांभाळीन. पानं उचलीन. एवढंच.

आक्का


२१ फेब्रुवारी २०२५

क्रांती,

सोमवारी कार्ड आलं. दारातच उभी होते. वाचलं. "पानं नसताना, याच महिन्यात हातभर फांदी काढा. चीक धुऊन टाका. दहा दिवस सावलीत उभी करून ठेवा. झाडाला कापलेल्या जागी औषध लावा. पोस्टाने पाठवू नये."

शेवटची ओळ वाचली आन पायरीवरच बसले. वाटलं, फांदीबी नको म्हणती, नुसतं झाड छाटायला सांगती. आत जाऊन चहा टाकला, उतू गेला, परत टाकला. धोंडुबाई आली. तिला दाखवलं. तिला वाचता येत न्हाय, ती कार्ड उलटं-पालटं करत म्हणाली, "हितं कडंला काय बारीक लिवलंय?"

पत्त्याच्या बाजूला. पेन्सिलीनं. चष्मा लावून वाचलं.

"आईनं तुझ्या हातात दिली होती ना? मग तूच आणून दे. राग गेलेला नाही. तरी ये."

धोंडुबाईला मोठ्यानं वाचून दाखवताना 'तूच' आला आन चष्मा काढून पदरानं पुसला. ती म्हणाली, "जावा की मग. रडताय कशाला?"

फांदी त्याच दिवशी काढली. मीरासाबनं करवत आणली, पण कापली मी. उगवतीच्या बाजूची, सरळ, तीन डोळ्यांची. चीक धुतला. पडवी न्हाय माझ्याकडं, म्हणून देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवलीय. आईचा हिरवा काठ बुडाला परत बांधला. तिनं मारलेली गाठ मला सोडवता आली न्हवती, कापावी लागलती. आता नवीन मारलीय. माझी गाठ जाड झालीय, तिच्यासारखी जमली न्हाय.

राजवर्धननं तिकीट काढून दिलं. सात मार्चला निघते. पुण्याच्या पुढं मी कवाच गेले न्हाय, तो सोबत येतो म्हणाला. मी नको म्हटलं, आईनं "कुणाकडनं न्हाय" सांगितलंतं. मग त्यानं दिल्लीत गाडी कुठं बदलायची ते मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. फांदी पेपरात गुंडाळून मांडीवर धरणार, वरच्या फळीवर ठेवणार न्हाय. कुणी विचारलं तर सांगीन की भैणीची हाय. इथलं झाड धोंडुबाई बघणार हाय, पानं उचलायचं तिनं देवासमोर कबूल केलंय. तिकडं थंडी किती असती ते कळव, म्हणजे स्वेटर एक घेऊ का दोन ते ठरवते. नंबर अजून ब्लॉकच लागतो, तवा कार्डच टाक.

घरात घेतलंच पाहिजेस असं न्हाय. बोलायचं नसंल तर बोलू नको, मी काय खेकसणार न्हाय, शप्पत. दार उघड आन हात पुढं कर.

आक्का